मुठेचा गाळ तपासायला निघण्याआधी

गमबूट आणि आइसबॉक्स नंतर बघू. आधी कागदावर लिहा, आपल्याला ठरवायचं काय आहे. गाळात धातू किती, ते खडकातून आले की शहरातून, की त्या गाळात राहणारा जीव जगतो का मरतो? तिन्हींची भांडी वेगळी, साठवण वेगळी, खर्चही वेगळा. ‘सगळंच करून टाकू’ म्हणत निघालेल्या मंडळींच्या हाती बहुतेकदा पहिल्याचंच उत्तर लागतं, तेही अर्धवट.

पुण्यात खरा घोळ होतो तो दुसऱ्या प्रश्नात, म्हणून तयारीचा निम्मा वेळ त्यावर घालवायला हरकत नाही. दख्खनच्या काळ्या कातळात, म्हणजे बसाल्टमध्ये, तांबं मुळातच भरपूर. किलोला १०० मिलिग्रॅमच्या पुढे ते सहज जातं, निकेल आणि क्रोमियमही कमी नसतात. गोड्या पाण्यातल्या गाळासाठी सर्रास वापरला जाणारा तक्ता मॅक्डॉनल्ड, इंगरसॉल आणि बर्जर यांनी २००० साली मांडला. त्यात तांब्याची खालची पातळी ३१.६ आणि वरची १४९ मिलिग्रॅम आहे, निकेलची २२.७ आणि ४८.६. खालच्या पातळीखाली जिवांना अपाय सहसा दिसत नाही, वरच्या पातळीपुढे तो बहुधा दिसतो, असा त्याचा अर्थ. हा तक्ता जसाच्या तसा लावला तर मुठेच्या वरच्या अंगाचा, टेमघरकडचा, कारखाना नाही की गटार नाही अशा जागचा गाळही दोषी ठरेल. शिशाचं उलट. ते बसाल्टमध्ये जेमतेम, किलोला १० मिलिग्रॅमच्या आतच. शहरातल्या गाळात ते ५०-६० निघालं तर बोट माणसाकडेच जातं. कॅडमियम आणि पारा यांचंही तेच. म्हणून अहवालात तांब्याचा आकडा मोठा दिसला की लगेच पत्रकार परिषद घेऊ नका, आधी शिशाचा रकाना बघा.

यावर उपाय म्हणजे तुलनेचा स्वच्छ नमुना, आणि तो यादीत सगळ्यात वर हवा. खडकवासल्याच्या वर, टेमघरच्या बाजूला मुठेच्या पात्रात दोन-तीन जागा आधी जाऊन बघून ठेवा. रिसॉर्टचं सांडपाणी, रस्त्याचं काम, ताजा भराव यांपासून त्या लांब हव्यात. म्युलरचा १९६९ चा भूसंचय निर्देशांक (गाळातला धातू मूळ पार्श्वभूमीच्या किती पट, हे सांगणारा आकडा) काढताना अनेक जण पार्श्वभूमी म्हणून शेल खडकाची जागतिक सरासरी घालतात, ज्यात तांबं फक्त ४५ आहे. सह्याद्रीतल्या नदीला शेलचा आकडा कशाला? आपल्याच वरच्या अंगाचा आकडा घाला.

मग प्रयोगशाळेला फोन करा. नमुने घेतल्यावर नाही, आधी. एकच गोष्ट खोदून विचारा: गाळ विरघळवणार कशात? आम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) किंवा साध्या नायट्रिक आम्लात सिलिकेटच्या जाळीतले धातू पुरते सुटत नाहीत, त्यासाठी हायड्रोफ्लुओरिक आम्ल लागतं. शहरातला नमुना एका रीतीने आणि तुलनेचा दुसऱ्या रीतीने विरघळवला असेल तर पुढचं सगळं गणित वाया. शिवाय प्रमाणित संदर्भ गाळ (ज्यातले धातू आधीच मोजलेले आहेत असा) सोबत चालवणार का, चाळणार किती मायक्रॉनला (६३ च्या खालचा बारीक भाग सगळ्यांचा सारखा हवा, आणि चाळणी नायलॉनची), आकडे कोरड्या वजनावर देणार का, हेही लिहून घ्या. ॲल्युमिनियम मागायला विसरू नका. डोहात बारीक चिखल आणि धारेत रेती असते, आणि धातू बारकाला चिकटतात. बारीक भाग किती, ते ॲल्युमिनियमवरून कळतं, म्हणून त्याच्याशी गुणोत्तर काढल्याशिवाय दोन जागांची तुलना पोकळ राहते. त्यासाठी काही जण लोखंड वापरतात, त्यावर माझा फारसा भरवसा नाही, काळ्या चिखलात ते स्वतःच जागा बदलत असतं.

वेळ फेब्रुवारी-मार्चची धरा. पाणी उतरलेलं असतं, गाळ बसलेला असतो. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग सुटला की पात्राचा वरचा थर पुढे सरकतो. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा तळाचं काय झालं असेल याचा अंदाज करा. याच कारणाने नळी ठोकून खोल थर काढणाऱ्यांनी बेतानेच आशा ठेवावी. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला फुटल्यावर शहरातल्या पात्रात त्याआधीचा गाळ जागच्या जागी मिळेल, असं मी तरी धरून चालणार नाही. गणपतीच्या रंगांचा प्रश्न असेल तर विसर्जनाच्या आधी आणि नंतर अशा दोन फेऱ्या लागतील.

जागा ठरवताना नकाशावर समान अंतराच्या खुणा करू नका. गाळ साचतो तिथे जा: विठ्ठलवाडीच्या खाली, भिडे पुलाच्या वरच्या अंगाला, संगमावर, बंडगार्डनच्या बंधाऱ्यामागे. मोठा नाला मिळतो तिथे त्याच्या वर एक आणि खाली एक, अशी जोडी घ्या. काठावर राडारोडा आणि नदीकाठच्या कामाची माती पडलेली असते. तुम्ही उचलताय तो गाळ नदीचा की डंपरचा, हे आसपासच्या टपरीवाल्याला विचारून घ्या. जलसंपदा विभागाच्या परवानगीचं पत्र खिशात असू द्या, कारण पात्रात बादली घेऊन उतरलेल्या माणसाला पाच मिनिटांत कोणीतरी हटकतंच.

आता सामान. धातूंसाठी प्लास्टिकचे चमचे आणि डबे, १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून, शुद्ध पाण्याने धुतलेले. कीटकनाशकं किंवा तेलकट प्रदूषकं शोधायची असतील तर बरोबर उलट: काचेच्या बरण्या, स्टीलचा चमचा, प्लास्टिक लांब. पोलादी पकडयंत्राने गाळ उचलत असाल तर भिंतीला लागलेला भाग सोडून मधलाच घ्या, नाहीतर त्याचं क्रोमियम तुमच्या खात्यावर जमा होईल. प्रत्येक जागी तीन ते पाच ठिकाणचा वरचा ५ सेंटिमीटर थर एका घमेल्यात कालवून एक नमुना करा. घमेलंही प्लास्टिकचंच.

फक्त सल्फाइडसाठीचा नमुना कालवू नका. बंडगार्डनजवळ गाळात ठोकलेली नळी उपसली तर वर तपकिरी रंगाची पातळ साय दिसते आणि तिच्याखाली लगेच डांबरासारखा काळा थर, सडक्या अंड्यांचा वास, गुटख्याच्या पुड्या आणि केस. तो काळेपणा मुख्यतः लोहाच्या सल्फाइडचा. ऑक्सिजन नसतो तोवर हेच सल्फाइड कॅडमियम, शिसं, जस्त यांना धरून ठेवतं. तोच चिखल ट्रेमध्ये पसरून ठेवा, सकाळपर्यंत वरून राखाडी पडलेला असतो. हवा लागली, सल्फाइड गेलं, धातू मोकळे होऊ लागले. म्हणून हा नमुना बाटलीत गळ्यापर्यंत, हवेला जागा न ठेवता भरायचा आणि तडक बर्फात ठेवायचा. गाळ उपसून काठावर ढीग लावणाऱ्यांनीही हा ट्रे एकदा बघावा, असं मला फार वाटतं.

विषारीपणाच्या चाचणीची तयारी दोन महिने आधी सुरू होते, कारण किडे तयार हवेत. कायरोनोमस माशीच्या लाल अळ्या यासाठी चांगल्या. त्या गाळातच राहतात आणि गाळच खातात. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या पद्धतीत एका जागेसाठी ८ चंचुपात्रं, प्रत्येकात १०० मिली गाळ, वर १७५ मिली पाणी, आणि १० दिवसांनी किती जगल्या, किती वाढल्या हे बघायचं. म्हणजे जागेमागे लिटरभर गाळ लागतोच, तुम्ही दोन लिटर आणा. हा गाळ ४ अंशांवर ठेवा, गोठवू नका. शक्यतो दोन आठवड्यांत चाचणी लावा, आठ आठवड्यांपुढे तर नकोच. स्वच्छ गाळातल्या किमान ७० टक्के अळ्या जगल्या पाहिजेत, नाहीतर अख्खी चाचणी बाद. आणि मुठेसारख्या नदीत अमोनिया मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. सांडपाण्याच्या चिखलात तो इतका असू शकतो की अळ्या त्यानेच मरतात आणि आळ धातूंवर येतो.

उतरणाऱ्यांसाठी कोपरापर्यंतचे हातमोजे, गमबूट, धनुर्वाताचं इंजेक्शन झाल्याची खात्री, आणि पायाला जखम असलेल्याने काठावर बसून नोंदी करायच्या. लेप्टोबद्दल (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) डॉक्टरांशी आधीच बोला. चिखलात कंबरेइतकं रुतता येतं, तेव्हा एकट्याने उतरायचं नाही, दोर काठावरच्या माणसाच्या हातात हवा. लेबल पेन्सिलीने लिहा, मार्कर ओल्यात पुसतो. एक डब्याच्या अंगावर, एक झाकणावर. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग स्वतःकडे राखून ठेवा. अहवालावर वाद झाला तर दुसऱ्या प्रयोगशाळेकडे तोच पाठवता येतो. उरलेला गाळ मात्र बेसिनमध्ये ओतायचा नाही. झाकणाच्या बादलीत भरून घातक कचरा उचलणाऱ्यांकडे द्यायचा, आणि त्यांची तारीखही आधीच ठरवून ठेवायची.