भांड्याचा स्पंज वास न मारता टिकवायचा कसा

स्पंज चार दिवसात वास मारायला लागला की आपण म्हणतो मालच बेकार, पण बऱ्याचदा दुखणं एकच असतंय, तो वाळतच नाही. साबणाच्या डबीत पाण्यात लोळत पडलेला स्पंज कितीही महागाचा असू दे, कुजणारच.

आधी हात वापरा, मग स्पंज. ज्वारीच्या पिठाची परात डायरेक्ट स्पंजने घासली की पीठ त्या भोकांत जाऊन बसतं आणि मग कितीही पिळा, पांढरं पाणी येतच राहतं. परातीत गार पाणी घाला, थोडा वेळ भिजू द्या, बोटांनी खरवडून काढा. गरम पाणी नको, पिठाची खळ होऊन अजूनच चिकटतं. दुधाच्या पातेल्यालापण आधी गारच पाणी. तवा, कढईचं बूड यांना तारेची घासणी घ्या, तिथं स्पंज नुसता झिजतो. आणि नॉनस्टिकवर हिरवी बाजू अजिबात लावू नका, चरे पडतात.

सांगलीकडं हळदीला हात आखडता नसतो, त्यामुळं स्पंज साबण लागला की लालसर होतो. घाबरू नका, साबणातल्या क्षारामुळं हळद लाल होते, उन्हात ठेवला की डाग फिका पडतो.

काम झालं की फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा, मुठीत घट्ट पिळा आणि चिमटा लावून खिडकीत टांगा. सांगलीच्या उन्हाळ्यात लगेच कडक वाळतो, पण पावसाळ्यात पाटण, महाबळेश्वरकडं दिवसभर ओलाच राहतो, तिकडं दोन ठेवा आणि आलटून पालटून वापरा.

उकळून घेतला म्हणजे नवा झाला असं मात्र समजू नका. जर्मनीत घरोघरचे वापरलेले १४ स्पंज तपासले होते, त्याचा रिपोर्ट २०१७ ला आला, काही ठिकाणी एका घन सेंटिमीटरमध्ये ५,००० कोटींच्या वर जिवाणू निघाले, आणि जे स्पंज लोक नेहमी गरम करून साफ करायचे त्यातपण ते कमी नव्हते, उलट कुबट वास आणणाऱ्या जातीचं प्रमाण जास्त होतं. तपासणाऱ्या संशोधकांनी आठवड्याला बदला असंच सांगितलंय आणि मला ते पटतं, स्वस्तातला घ्या पण बदलत राहा. कच्च्या चिकन-मटणाच्या भांड्याला तर स्पंज नकोच, काथ्या किंवा तारेची घासणी वेगळी ठेवा.

जुना फेकायचा नसेल तर कोपरा कातरून बेसिनला वापरा, म्हणजे घरात कुणी चुकून परत भांड्याला घेणार नाही.