मुरगळलेला पाय महिनोन्‌महिने का दुखतो? मैदानावरच्या या चुका टाळा

भातकापणी झाली की गोव्यात फोंडा, डिचोलीपासून पेडण्यापर्यंत कोरडी शेते फुटबॉलची मैदाने होतात. धसकटे, ढेकळे, मध्येच बांध. तिथे घोटा मुरगळणे नवे नाही. पण बहुतेक वेळा छोटी असलेली दुखापत लांबते ती नंतरच्या दोन-तीन दिवसांत आपण जे करतो त्यामुळे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लगेच चोळणे. खेळाडू खाली बसतो न बसतो तोच कोणीतरी गरम तेल घेऊन येतो, आणि "शीर सरकलीय" म्हणत पाय ओढला जातो. पाय आत वळतो तेव्हा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडे बांधणारे पट्टे, ताणतात किंवा फाटतात आणि आत रक्त उतरते. त्यावर जोराने मालिश केली किंवा शेकले तर सूज वाढते. आतले हाड मोडलेले असेल तर त्याहून वाईट. पहिले दोन-तीन दिवस मालिश, शेक दोन्ही नकोत. पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. बर्फाने वेदना कमी होते, पण तो कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटेच. मासळीच्या पेटीतला बर्फ उघड्या कातडीवर अर्धा तास धरून ठेवणारे आहेत. त्याने कातडी भाजल्यासारखी होते. आणि सामन्यानंतरची बियर किंवा फेणी त्या दिवसांत राहू द्या. मद्याने रक्तस्राव आणि सूज वाढू शकते.

एक्स-रे काढायचा की नाही? कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२मध्ये यासाठी सोपे नियम मांडले, ते आज जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडे वर आलेली दिसतात, त्यांच्या मागच्या कडेवर, खालच्या ६ सेंटीमीटरमध्ये दाबून पाहा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर असलेला उंचवटा आणि आतल्या कमानीच्या वरचे हाडही दाबा. यांपैकी कुठे हाडावरच दुखले, किंवा पडल्यावर आणि नंतरही चार पावले टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढा. लंगडत टाकलेली पावलेही धरतात. हे नियम मोठ्या माणसांसाठी. लहान मुले, दारू प्यायलेला किंवा पाय बधिर झालेला माणूस यांना थेट डॉक्टरांकडे न्या.

गुडघ्याची गोष्ट वेगळी. वळताना आत "टक्" असे झाले आणि दोन-चार तासांत गुडघा फुगला, तर तो मुरगळा समजू नका. इतक्या लवकर येणारी सूज सहसा सांध्यात साचलेल्या रक्ताची असते, आणि त्यामागे बऱ्याचदा आतला मुख्य अस्थिबंध तुटलेला असतो. अशा गुडघ्यावर नी-कॅप चढवून पुढच्या रविवारी फायनल खेळणारे गावोगावी सापडतील. आतली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, याच हौसेपायी फाटते.

दुसरी मोठी चूक परत येण्याच्या घाईची. दुखणे थांबले म्हणजे पाय बरा झाला, हा हिशेब चुकीचा. वेदना आठ-दहा दिवसांत ओसरते. अस्थिबंध भरायला अनेक आठवडे लागतात. शिवाय पाऊल कसे पडते आहे याची खबर घेण्याची घोट्याची जाणीवही मंदावलेली असते. म्हणून तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. मात्र पलंगावर पडून राहणे हाही उपाय नव्हे. सूज उतरू लागली की घोटा वर-खाली हलवा, मग एका पायावर उभे राहा, डोळे मिटून तेच करा, पुढे टाचा उचला. धावण्याआधी दुखऱ्या पायावर उड्या मारून पाहा, मग इंग्रजी आठच्या आकारात धावा. हे न अडखळता जमले की मगच बूट चढवा. प्रशिक्षक रागावला तर रागावू द्या.

मिरामार किंवा कोलव्याला वाळूत धावणाऱ्यांना पोटऱ्या आणि टाचेमागची शीर छळते. मऊ वाळूत धावायला कडक जमिनीच्या सुमारे दीडपट ऊर्जा लागते, तरी लोक रस्त्यावरचेच अंतर तिथे धरतात, आणि तेही पहिल्याच दिवशी अनवाणी. ओहोटीच्या वेळी ओली, सपाट वाळू गाठा आणि अंतर निम्म्याने सुरू करा. किनारा उतरता असेल तर एकाच दिशेने फार लांब जाऊ नका. एक पाय सतत खाली पडतो आणि कंबर बोंबलते.

त्या कंबरेसाठी लगेच एमआरआय काढू नका. काहीच दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांतही सुमारे ३७ टक्क्यांच्या मणक्यांतल्या चकत्या झिजलेल्या दिसतात. पण पाय बधिर होऊन शक्ती जाणे, जांघेत संवेदना नसणे, लघवी अडणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

डोक्याला मार लागून गरगरले, उलटी झाली, काय झाले ते आठवेना, तर त्या दिवशीचा खेळ संपला. यावर चर्चा नको.

शेवटची चूक पावसाळ्यातली. चिखलात खेळून काही दिवसांनी ताप आला आणि पोटऱ्या दाबवत नाहीत, तर त्याला खेळाचा थकवा समजू नका. लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. दूषित पाण्यातून, पायावरच्या खरचटण्यातून जंतू आत शिरतात. अंगदुखी डेंग्यूचीही असू शकते आणि तेव्हा डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखे वेदनाशामक घेतले तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलवर थांबा आणि डॉक्टरांना कुठल्या पाण्यात, कधी खेळला होता ते विचारायच्या आधीच सांगा.