जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट टाकताय? काळ्या स्क्रीनला घाबरू नका, पण ड्रायव्हर नीट निवडा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो, प्रोसेसरही इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, एसएसडी आणि मागाहून बसवलेलं एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड असा धडधाकट डेस्कटॉप कागदोपत्री बाद. असे बरेच डबे मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमवर नेलेत, स्वतःचा धरून. इन्स्टॉल करणं हा यातला सगळ्यात सोपा भाग, आणि नेमकं तेच व्हिडिओवाले वीस मिनिटं दाखवत बसतात. माणूस खरा अडकतो तिथे "आता रीस्टार्ट करा, झालं!" म्हणून मोकळे.

तर सोपं आधी उरकू. बॅकअप घेतलाय असं धरतो. आयएसओ (मिंटची इन्स्टॉल करायची फाइल) उतरवा, रूफस किंवा एचर या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हवर चढवा, त्यावरून बूट करा. ग्राफिक्स कार्ड बऱ्यापैकी नवं असेल तर मिंट २२.२ किंवा त्यापुढचंच घ्या, २२.२ मध्ये कर्नल (हार्डवेअर ओळखणारा लिनक्सचा गाभा) ६.१४ आहे, २२.१ पर्यंत ६.८ होता आणि कर्नलपेक्षा उशिरा बाजारात आलेलं कार्ड त्याला कुठून ओळखू येणार. बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्यापुढे यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) लिहिलंय तो निवडा (जुनं विंडोज लेगसीत, म्हणजे जुन्या पद्धतीत, टाकलेलं असेल आणि ते ठेवायचं असेल, तरच दुसरा). कॅबिनेटमध्ये आणखी एखादी डिस्क असेल तर तिची साटा केबल सरळ उपसून ठेवा. "मी नीट बघून निवडेन" म्हणणाऱ्यांचे फोटो गेलेले पाहिलेत मी.

एएमडीचं आरएक्स ४७०, ५७० वगैरे कार्ड असेल तर तुमचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, वेगळं काही टाकायचं नाही. एकदम शेवटच्या परिच्छेदावर जा. पुढचं सगळं एनव्हिडियावाल्यांसाठी.

पेनड्राइव्हवरून बूट केलं की मिंटचा लोगो येतो आणि स्क्रीन काळी. पंखे फिरतायत, कीबोर्डचा दिवा लागतोय, पण चित्र नाही. पहिल्यांदा मला वाटलं कार्ड गेलं, म्हणून कार्ड काढून परत बसवलं, रॅम पुसली, पेनड्राइव्ह तीनदा बनवला. कार्डाला काहीही झालेलं नव्हतं. लिनक्समध्ये एनव्हिडियासाठी नुव्हो नावाचा ड्रायव्हर आधीपासून असतो आणि काही कार्डांवर तो सुरू होतानाच लटकतो, एवढाच प्रकार. तरी आधी एकदा मॉनिटरची केबल कार्डाच्याच पोर्टला आहे ना, मदरबोर्डच्या नाही ना, ते वाकून बघा. हसू नका, मी स्वतः अर्धा तास घालवलाय.

केबल बरोबर असेल तर पेनड्राइव्हच्या मेनूत कम्पॅटिबिलिटी मोड निवडा, डेस्कटॉप येईल, दिसायला ओबडधोबड पण चालेल. इन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा. आणि परत काळी स्क्रीन! इथे लोक हात टेकतात आणि विंडोज परत टाकतात. अहो, तो मोड फक्त पेनड्राइव्हपुरता होता, डिस्कवर टाकलेल्या मिंटला त्याचा पत्ताच नाही. मशीन चालू करताना कंपनीचा लोगो गेला की लगेच एस्केप दाबा, एकदाच, (लेगसी बूट असेल तर शिफ्ट धरून ठेवा), ग्रबचा, म्हणजे काय सुरू करायचं ते निवडायचा, मेनू येईल. पहिल्या ओळीवर राहून कीबोर्डवरचं ई दाबा, 'लिनक्स' ने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा, तिच्यात शेवटी क्वाएट स्प्लॅश असं असतं, त्याच्यापुढे एक स्पेस देऊन नोमोडसेट लिहा, स्मॉलमध्ये, सगळी अक्षरं जोडून: एन ओ एम ओ डी ई एस ई टी. मग एफ १०. चित्र येणार.

आता कळीचा सल्ला. नोमोडसेट ही एका बूटपुरती कुबडी आहे. "ग्रबच्या फाइलमध्ये कायमचं टाकून द्या, परत त्रास नाही" असं सांगणारे दर दोन पावलांवर भेटतात, त्यांचं अजिबात ऐकू नका. मी ऐकलं होतं. महिनाभर १०२४ बाय ७६८ च्या स्क्रीनवर डोळे फोडत बसलो, यूट्यूब अडखळायचं, प्रोसेसर तापायचा, आणि मी लिनक्सला शिव्या घालत होतो. कार्ड बिचारं रिकामं बसलेलं, सगळं चित्र प्रोसेसर हाताने रंगवत होता. सिस्टीम इन्फॉर्मेशनमध्ये ग्राफिक्सच्या ओळीत एलएलव्हीएमपाइप दिसलं तर समजा तुमचंही तेच चाललंय.

म्हणून चित्र आल्याआल्या दुसरं काही न करता इंटरनेट जोडा, अपडेट घ्या आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा. यादीत चार-पाच नावं दिसतील. रेकमेंडेड लिहिलंय ते घ्या आणि हुशारी करू नका. मी केली होती. टर्मिनलमधून नावाच्या शेवटी 'ओपन' असलेलं टाकलं, म्हटलं ओपन म्हणजे चांगलंच असणार! ते ओपनवालं जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० सिरीजपासून पुढेच चालतं, माझ्या १०५० टीआयवर परत अंधार. (आरटीएक्स ५० सिरीजला उलट ओपनच लागतं.) ७५० टीआय, ९०० आणि १००० सिरीजवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा, तुमच्यासाठी ५८० हा शेवटचा ड्रायव्हर, ५९० पासून ही कार्डं वगळलीत. आकडा मोठा दिसला म्हणून उडी मारू नका. आणि एनव्हिडियाच्या साइटवरून फाइल उतरवून हाताने टाकू नका, पुढच्या कर्नल अपडेटला ती बऱ्याचदा तुटते.

सिक्युअर बूट (खात्रीची सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते. तिच्यावर एनरोल एमओके निवडायचं, कंटिन्यू, यस, तोच पासवर्ड. ती दहाच सेकंद थांबते, तुम्ही चहा आणायला गेलात की संपलं, मशीन तशीच पुढे जाते आणि ड्रायव्हर लोडच होत नाही. घरचा डेस्कटॉप असेल आणि विंडोज ठेवायचं नसेल तर माझं मत सरळ आहे: बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट बंद करा.

रीस्टार्टनंतर तीच ग्राफिक्सची ओळ बघा, तिथे एनव्हिडिया आणि ड्रायव्हरचा आकडा दिसायला हवा. नुव्हो दिसत असेल तर काम झालेलं नाही. चित्र येईल पण १०५० टीआयसारखं कार्ड नुव्होवर सगळ्यात कमी क्लॉकवरच रेंगाळतं, गेम विसरा.

शेवटचं, हे एएमडीवाल्यांनाही लागू. ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित म्हणतोय, अपडेटही चालत नाहीत, असं झालं तर आधी घड्याळात तारीख बघा. जुन्या मदरबोर्डची बॅटरी संपलेली असते आणि मशीन स्वतःला २०१४ मध्ये समजत असते. सीआर २०३२ हा नेहमीचा गोल सेल, पॉवरची केबल काढून बदला. बदलल्यावर बायोसच्या सेटिंग एकदा परत तपासा, त्या मूळपदावर जातात आणि बंद केलेलं सिक्युअर बूट कधीकधी गुपचूप परत चालू झालेलं असतं.