उरलेल्या बोरांचं तांगहुलू

नातवाचं बोरन्हाण झालं आणि टोपलीभर बोरं उरली. सूनबाईने मोबाइलवर चिनी तांगहुलू दाखवलं: काडीला ओवलेली लाल फळं, वर काचेसारखी साखर. उत्तर चीनमध्ये थंडीत रस्त्यावर मिळतं. मूळचं फळ शानझा, बोराएवढंच नि आंबट. म्हटलं, मग बोरं काय वाईट?

मोठी, करकरीत बोरं घ्या. चीर देऊन बी काढा, पुसा आणि पंख्याखाली अर्धा तास ठेवा. ओलसर फळावर पाक धरतच नाही. बांबूच्या काडीला चार-पाच ओवा. द्राक्षं, स्ट्रॉबेरीही चालतात.

आता पाक. एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, लिंबाचे चार थेंब. साखर विरघळेपर्यंतच हलवायचं, मग चमचा ओट्यावर ठेवून द्यायचा! माझी पहिली खेप इथेच गेली. तीस वर्षं संक्रांतीचा हलवा करतेय, हाताला सतत हलवायची सवय. पाक पांढरा होऊन बसला. हलव्याला काटा यावा म्हणून साखरेचे कण हवेच असतात, इथे एकही नको. लिंबू त्यासाठीच.

एकतारी, गोळीबंद सगळं मागे टाकून पुढे जायचं, साधारण १५० अंशांपर्यंत. थर्मामीटर माझ्याकडे नाही. गार पाण्यात थेंब टाकते. बाहेर काढून चावला की कट्कन तुटला पाहिजे. दाताला चिकटला तर अजून दोन मिनिटं. कडेला फिकट मधाचा रंग दिसला की गॅस एकदम बारीक करा, पुढे जळायला वेळ लागत नाही.

कढई तिरकी करून काडी एकदाच फिरवा, जादा पाक निथळू द्या आणि तूप लावलेल्या ताटात ठेवा. जाड थर दिला तर दात दुखतात. मुलांना ओट्यापासून लांब ठेवा, हा पाक कातडीला चिकटून भाजतो.

दोन मिनिटांत कडक होतं आणि तासाभरात खाऊन संपवायचं. फ्रिजमध्ये ठेवलंत तर ओल धरून चिकट होतं. आमच्या ग्वाल्हेरला जानेवारीत धुकं असलं की मी हा घाट घालतच नाही. दुपारी लख्ख ऊन पडलं की करते. असल्या हवेत गजकही कुरकुरीत राहते.

कढई घासत बसू नका. पाणी भरून उकळी आणा, चिकटलेला पाक आपोआप सुटतो.