सुटून आलेल्या स्त्रीशी विश्वासाचे नाते जोडताना

नोकरीचे किंवा लग्नाचे आमिष दाखवून देहव्यापारात ढकलणारा पुष्कळदा ओळखीचाच माणूस असतो. त्यामुळे सुटून आलेल्या स्त्रीची जखम विश्वासाच्या मुळाशीच झालेली असते आणि ती भरून येण्यास विश्वासाचेच नाते लागते. हे नाते जोडू पाहणाऱ्या बहिणीने, मावशीने किंवा कार्यकर्तीने पहिल्या भेटीत झाल्या प्रकाराबद्दल काहीही विचारू नये. पुन्हा कधी येणार ते सांगावे आणि त्याच वेळी यावे. जमणार नसेल, तर आधी कळवावे. हे क्षुल्लक वाटते, परंतु दिलेला शब्द पाळणारे माणूस तिने कदाचित वर्षानुवर्षे पाहिलेले नसते.

हात धरण्यापूर्वी किंवा खोलीचे दार लावण्यापूर्वी तिची परवानगी घ्यावी. आज बोलायचे की नुसते बसायचे, हे तिलाच ठरवू द्यावे. ती चिडली किंवा दलालाच्या आठवणीने रडली, तरी तिला कृतघ्न म्हणू नये. ज्याने छळले त्याच्याच हाती अन्न आणि निवारा असला, की मन असेही गुंतते.

घरी पाठवण्याची घाई मुळीच करू नये. १९५६ च्या अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायद्याच्या कलम १७ मध्ये पालक किंवा पती तिला सांभाळण्यास योग्य आहेत का, याची चौकशी सांगितली आहे, कारण विकणारे कधी घरातलेच असतात. आई तयार असेल, तर तिला आधी एकटीला भेटावे आणि ‘लोक काय म्हणतील’ हा विषय मुलीसमोर काढू नये, हे समजवावे. मदत करणाऱ्याने स्वतः तिचा एकमेव आधार होऊ नये. समुपदेशक, एखादी मैत्रीण, शिवणवर्गातल्या सोबतिणी असे धागे हळूहळू वाढू द्यावेत.