ॲनिमेटेड शॉर्टसाठी गोष्ट कुठे शोधायची? चौथ्या सीटवर बघा

ॲनिमेशनला नवीन आलेली पोरं हमखास विचारतात, आयडिया कुठून आणायची, आणि विचारताना समोर पिंटरेस्ट उघडं असतं. तिथलं सगळं कुणीतरी आधीच काढून ठेवलेलं असतं राव, त्यावरून स्टाइल शिका हवं तर, गोष्ट नका शोधू.

खिशात मावेल अशी स्केचबुक आणि बॉलपेन ठेवा. पेन्सिल नको, खोडत बसाल. लोकलमध्ये मी चेहऱ्यांच्या आधी हात-पाय काढते, एकतर समोरच्याला कळत नाही आणि दुसरं म्हणजे माणूस वैतागलाय की नुसता दमलाय हे चपलेत वळवळणाऱ्या अंगठ्यावरून पण कळतं. पहाटे दादरचं फूलमार्केट बघा, नाहीतर राणीबाग (बुधवारी बंद असते, उगाच भायखळ्यापर्यंत जाऊ नका), प्राणी पोज देत नाहीत त्यामुळे हात आपोआप फास्ट होतो.

पण स्केचबुक भरली म्हणजे गोष्ट झाली असं नाही. "मुंबईची गर्दी" हा विषय झाला. गोष्ट व्हायला कुणाला तरी काहीतरी हवं असायला लागतं आणि ते सहजासहजी मिळता कामा नये.

चौथी सीट घ्या, म्हणजे लोकलमधल्या तिघांच्या बाकावर चौथ्याने कसंबसं टेकायची जागा. ठाण्याला स्लो लोकलमध्ये चढलेल्या एका काकांना ती मिळते, म्हणजे अर्धं बूड सीटवर, अर्धं हवेत. त्यांना फक्त नीट टेकायचंय, बाकी काही नाही. आता स्टेशनागणिक त्यांना छळा. मुलुंडला शेजारचा झोपतो आणि पसरतो, भांडुपला उभ्या माणसाची बॅग तोंडावर येते, घाटकोपरला मेट्रो पकडायला खिडकीवाला उतरतो तेव्हा काकांना वाटतं झालं आपलं काम, तर उरलेले दोघंच ती जागा खाऊन टाकतात. दादरला एकदाचे काका आत सरकतात आणि त्याच क्षणी कुणीतरी म्हणतं, "जरा सरका ना." काका सरकतील की झोपेचं सोंग घेतील? याचं उत्तर दिलंत की तुमची फिल्म कशाबद्दल आहे ते ठरलं. मी तर सोंगच घ्यायला लावीन, सरकले तर ती सरकारी जाहिरात वाटेल.

मग स्वतःला विचारायचं, हे कॅमेऱ्याने शूट होत असेल तर ड्रॉइंग कशाला करायची? इथे उत्तर सोपं आहे. शेजारचे फुगत जातात, काका पापडासारखे चपटे होतात, सीट लांबते, आखडते. हे खऱ्या नटांकडून कसं करून घेणार? तुमच्या आयडियात असं काही सापडत नसेल तर ती लाइव्ह ॲक्शनवाल्या मित्राला देऊन टाका, खरंच.

आणि हिशोब आधीच करा. सेकंदाला 24 फ्रेम्स, एक ड्रॉइंग दोन फ्रेम्स टिकतं असं धरलं तरी सेकंदाला 12 ड्रॉइंग्ज, म्हणजे 2 मिनिटांच्या फिल्मला 1440 ड्रॉइंग्ज, आणि एका वेळी एकच कॅरेक्टर हलतंय असं धरून. हा आकडा बघितला की काकांचं घर, ऑफिसातला बॉस, बालपणीचा फ्लॅशबॅक सगळं आपोआप गळतं. डबा एकच, बॅकग्राउंड एकच, स्टेशन बदललं की खिडकीबाहेरचा बोर्ड बदलायचा.

त्यानंतर पोस्ट-इटवर थंबनेल्स, म्हणजे प्रत्येक शॉटचं छोटंसं रफ चित्र. भिंतीला चिकटवा, जागा बदला, फेकून द्या. स्क्रिप्ट सुंदर टाइप करण्यात वेळ घालवू नका, डायलॉग नसेल तर अजिबातच नको. मोबाइलवर लोकलचा खडखडाट रेकॉर्ड करून थंबनेल्सचे फोटो ओळीने लावून त्यांच्याखाली टाका, झालं कच्चं ॲनिमॅटिक, म्हणजे फिल्मचा रफ व्हिडिओ. ते ॲनिमेशनवाल्या दोस्तांना नका दाखवू, ते गोष्ट सोडून रेषेवर बोलतात. आईला नाहीतर सोसायटीतल्या एखाद्या काकूंना दाखवा, मधे काही एक्सप्लेन न करता, आणि त्या स्क्रीनवरून नजर कधी काढतात ते टिपून ठेवा. तेवढा तुकडा कापायचा.