गुन्हे, पोलीस आणि तुरुंग: सरकारी दस्तऐवज ग्रंथालयात कसे शोधावेत

ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये 'गुन्हेगारी' हा शब्द टाकला की पाठ्यपुस्तके, काही प्रबंध आणि निवृत्त अधिकाऱ्यांची आत्मचरित्रे समोर येतात. ते प्रबंध ज्या सरकारी अहवालांच्या आधारावर लिहिले गेले, ते अहवाल मात्र सहसा दिसत नाहीत. ते ग्रंथालयात नसतात असे नाही. सरकारी प्रकाशनाची नोंद विषयापेक्षा ते काढणाऱ्या कार्यालयाच्या नावाने अधिक नीट झालेली असते, एवढेच. म्हणून कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी एक प्रश्न वहीत लिहा: मला हवी असलेली माहिती गोळा करणे आणि छापणे हे कोणत्या कार्यालयाचे काम होते? त्याखाली दुसरा प्रश्न लिहा: कोणत्या वर्षी? ही दोन उत्तरे हातात असली की ग्रंथपालही तुम्हाला थेट योग्य कपाटापाशी नेऊ शकतो.

कोणते कार्यालय काय छापते

पोलिसांकडे नोंदलेल्या गुन्ह्यांची देशभरातील आकडेवारी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, 'क्राइम इन इंडिया' या वार्षिक अहवालात देतो. हा विभाग १९८६ मध्ये स्थापन झाला, पण अहवालाची मालिका १९५३ पासूनची आहे. त्यामुळे एनसीआरबीच्या नावाने शोधल्यास आधीचे अंक सापडत नाहीत. जुन्या अंकांसाठी अहवालाचे नावच टाकावे. अपघाती मृत्यू व आत्महत्यांचा अहवाल १९६७ पासून आहे, तर 'प्रिझन स्टॅटिस्टिक्स इंडिया' १९९५ पासून. पोलिसांची मंजूर पदे, रिक्त पदे, वाहने, ठाण्यांची संख्या हे सगळे मात्र एनसीआरबीकडे नसते. ते पोलीस संशोधन व विकास ब्यूरोच्या 'डेटा ऑन पोलीस ऑर्गनायझेशन्स'मध्ये मिळते. महाराष्ट्रातील जिल्हा आणि आयुक्तालय पातळीवरचा तपशील हवा असेल तर पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचा 'क्राइम इन महाराष्ट्र' मागा.

पैसा कुठे गेला, आधुनिकीकरणाचा निधी का पडून राहिला, तुरुंगात किती पदे रिकामी, असे प्रश्न असतील तर महालेखापरीक्षकांचे अहवाल वाचावेत. संशोधक तिकडे फारसे वळत नाहीत. खरे तर खात्याने स्वतःच्या अहवालात न मांडलेल्या त्रुटी तिथे तक्त्यासह आणि खात्याच्या उत्तरासह छापलेल्या असतात.

कॅटलॉगमध्ये लेखकाच्या रकान्यात 'इंडिया. मिनिस्ट्री ऑफ होम अफेअर्स', 'इंडिया. लॉ कमिशन', 'महाराष्ट्र. होम डिपार्टमेंट' अशी नावे टाकून पाहा. ती इंग्रजीत टाकावी लागतात, कारण बहुतेक ठिकाणी नोंदी इंग्रजीतच आहेत. ड्युई दशांश पद्धत वापरणाऱ्या ग्रंथालयात ३६४ खाली गुन्हे, ३६५ खाली तुरुंग, ३६३.२ खाली पोलीस आणि ३४५ खाली फौजदारी कायदा असतो. या चार ठिकाणची कपाटे डोळ्यांखालून घालावीत, पण तेवढ्यावर थांबू नये. पुष्कळ ग्रंथालयांत सरकारी अहवाल वेगळ्या दालनात, वर्गांकाशिवाय, खात्यानुसार गठ्ठे करून ठेवलेले असतात आणि त्यांची नोंद ऑनलाइन कॅटलॉगमध्ये चढलेलीच नसते. संदर्भ विभागात 'सरकारी प्रकाशनांची दाखल-नोंदवही किंवा जुनी कार्डे आहेत का?' असे स्पष्ट शब्दांत विचारावे.

आकड्यांचा अहवाल हातात आल्यावर

इथे घाई सर्वांत महाग पडते. 'क्राइम इन इंडिया' उघडला की थेट तक्त्याकडे न जाता आधी प्रस्तावना, व्याख्या आणि मर्यादांची पाने वाचा आणि त्यांचा फोटो काढून ठेवा. त्यातला एक नियम सगळ्या आकड्यांवर परिणाम करतो: एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तरी त्यातला सर्वांत गंभीर एकच मोजला जातो. बलात्कार करून खून झाला असेल तर नोंद खुनाखाली जाते. अलीकडच्या अंकांत अशा घटनांसाठी वेगळे शीर्ष, म्हणजे तक्त्यातला स्वतंत्र गट, आहे, पूर्वीच्या अंकांत ते नाही. म्हणजे बलात्काराच्या शीर्षाखालचा आकडा हा घडलेल्या घटनांचा तर नाहीच, नोंदलेल्या सगळ्या घटनांचाही नाही.

दोन अंकांमध्ये शीर्षाची व्याप्ती बदलली असेल तर काय होते, याचे ठळक उदाहरण २०१६ आणि २०१७ चे. बलात्काराच्या गुन्ह्यांचा आकडा २०१६ च्या अंकात ३८,९४७ आहे आणि २०१७ च्या अंकात ३२,५५९. एका वर्षात सहा हजारांची घट झाली असे लिहायचा मोह होतो. पण आधीच्या आकड्यात बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांविषयीच्या पोक्सो कायद्याच्या कलम ४ आणि ६ खालचे गुन्हेही धरलेले होते. नंतरच्या वर्षी ते वेगळ्या शीर्षाखाली गेले. शीर्षाच्या नावापुढची कलमे आणि तक्त्याखालची बारीक टीप वाचली तरच हे कळते. म्हणून दहा वर्षांची मालिका करताना प्रत्येक वर्षाच्या आकड्याशेजारी त्या शीर्षातली कलमेही उतरवून घ्या. वेळ लागतो, पण याला पर्याय नाही.

शहरांचेही तसेच. २०१५ च्या अंकात दहा लाखांवर लोकसंख्येची ५३ शहरे होती. २०१६ पासून मुख्य तक्त्यांत वीस लाखांवरची १९ महानगरेच राहिली. मुंबई, पुणे, नागपूर त्यात आहेत; नाशिक आणि औरंगाबाद गळाली. या शहरांची पुढची मालिका राज्याच्या अहवालातून जोडावी लागते, आणि दोन अहवालांची शीर्षे जुळतात का हे आधी तपासावे लागते.

दोषसिद्धीचे प्रमाणही नीट समजून घ्यावे. त्या वर्षी खटला पूर्ण झालेल्या प्रकरणांपैकी कितींत शिक्षा झाली, एवढेच ते सांगते. त्या वर्षी नोंदलेल्या गुन्ह्यांशी त्याचा थेट संबंध नसतो. निकाल लागलेला खटला आठ वर्षांपूर्वीचाही असू शकतो. दर लाख लोकसंख्येमागचा दर काढताना २०११ च्या जनगणनेनंतर अंदाजित लोकसंख्या वापरलेली आहे, आणि महिलांवरील गुन्ह्यांचा दर अलीकडच्या अंकांत फक्त महिलांच्या लोकसंख्येवर काढतात. तारखांचा घोळ टाळण्यासाठी आणखी एक गोष्ट: तुरुंगांचे आकडे ३१ डिसेंबरचे असतात आणि पोलीस ब्यूरोचे १ जानेवारीचे. म्हणून 'प्रिझन स्टॅटिस्टिक्स २०२१' शेजारी पोलिसांचा १ जानेवारी २०२२ चा अहवाल ठेवायचा, २०२१ चा नाही.

कायदा, राजपत्र आणि अंमलाची तारीख

भारत सरकारच्या राजपत्रात भाग दोन, खंड १ मध्ये अधिनियम, खंड २ मध्ये विधेयके आणि खंड ३ मध्ये नियम व अधिसूचना येतात. खंड ३ च्या उपखंड (i) मध्ये 'जीएसआर' क्रमांकाच्या आणि उपखंड (ii) मध्ये 'एसओ' क्रमांकाच्या अधिसूचना असतात. क्रमांकापुढे कंसात 'ई' असेल तर ती असाधारण राजपत्रात आहे. ते साप्ताहिक अंकांपासून वेगळे, तारखेनुसार बांधलेले असते. साप्ताहिक खंड दिवसभर चाळून 'अधिसूचना ग्रंथालयात नाही' असा निष्कर्ष काढणारे बहुधा या 'ई'कडे पाहायचे विसरलेले असतात.

फक्त अधिनियम वाचून का भागत नाही, हे भारतीय दंड संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेत दिसते. अधिनियम २५ डिसेंबर २०२३ च्या राजपत्रात आहे, पण तो कधी लागू होणार हे त्यात लिहिलेले नाही. १ जुलै २०२४ ही तारीख २३ फेब्रुवारी २०२४ च्या वेगळ्या अधिसूचनेत आहे. त्याच अधिसूचनेने कलम १०६ चे पोटकलम (२), म्हणजे अपघात करून पळून जाण्याची तरतूद, त्या तारखेपासून लागू करायचे वगळले. अधिनियमाच्या छापील प्रतीत हे पोटकलम इतरांसारखेच छापलेले दिसते.

कलमांचे जुने-नवे क्रमांक शोधशब्द म्हणून वापरताना सावध राहा. खुनाचे ३०२ आता १०३ झाले, फसवणुकीचे ४२० आता ३१८, विवाहितेच्या छळाचे ४९८-अ आता ८५. न्याय संहितेतही कलम ३०२ आहे, पण ते धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचे आहे. शिवाय १ जुलै २०२४ पूर्वी घडलेला गुन्हा नंतर नोंदला तरी भारतीय दंड संहितेखालीच जातो, त्यामुळे २०२४ नंतरच्या तक्त्यांत दोन्ही संहिता शेजारीशेजारी असणार हे गृहीत धरून चाला.

न्याय संहिता आणि तिच्यासोबत आलेल्या दोन फौजदारी कायद्यांमागची चर्चा हवी असेल तर गृहविषयक संसदीय स्थायी समितीचे २४६, २४७ आणि २४८ क्रमांकांचे अहवाल पाहा. ही समिती राज्यसभेच्या अखत्यारीत येते, म्हणून लोकसभेच्या कपाटात ते मिळत नाहीत. सदस्यांची भिन्नमतपत्रे अहवालाच्या शेवटी जोडलेली असतात. ती सोडू नका.

समित्यांची खरी नावे

वर्तमानपत्रात समिती अध्यक्षाच्या नावाने ओळखली जाते, कॅटलॉगमध्ये अधिकृत नावाने. मुल्ला समिती म्हणजे 'ऑल इंडिया कमिटी ऑन जेल रिफॉर्म्स, १९८०-८३'. मलिमथ समिती (२००३) 'कमिटी ऑन रिफॉर्म्स ऑफ क्रिमिनल जस्टिस सिस्टिम' या नावाखाली आहे, आणि वर्मा समिती (जानेवारी २०१३) 'कमिटी ऑन अमेंडमेंट्स टू क्रिमिनल लॉ' या नावाखाली. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाचे (१९७७-८१) आठ अहवाल आहेत. एकाच नोंदीवर विसंबू नका. आठही प्रती आहेत का हे मोजून पाहा. विधी आयोगाचे अहवाल क्रमांकाने शोधणे सर्वांत सोपे: फाशीवर ३५ वा (१९६७) आणि २६२ वा (२०१५), कोठडीतील गुन्ह्यांवर १५२ वा (१९९४), जामिनावर २६८ वा (२०१७).

चौकशी आयोग अधिनियम, १९५२ च्या कलम ३(४) नुसार आयोगाचा अहवाल कृती ज्ञापनासह, म्हणजे त्यावर सरकारने काय केले याच्या टिपणासह, सहा महिन्यांत सभागृहात ठेवावा लागतो. हे दोन स्वतंत्र दस्तऐवज असतात. मुंबईतल्या १९९२-९३ च्या दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल (१९९८) मागताना सरकारचे कृती ज्ञापनही मागावे. आयोगाने काय म्हटले आणि सरकारने त्यातले काय स्वीकारले, हे त्याशिवाय कळत नाही.

१९६० पूर्वीचे शोधताना

आजच्या महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवून जुने अहवाल शोधले की अर्धा प्रदेश हरवतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात आणि विदर्भ मध्य प्रदेशात होता. म्हणजे १९५३ च्या अहवालात परभणीतले गुन्हे हैदराबादच्या आकड्यात आणि अमरावतीतले मध्य प्रदेशच्या आकड्यात मोजलेले आहेत, आणि मुंबई राज्याच्या आकड्यात धारवाड व बेळगाव आहेत. त्याही मागे गेल्यास १९३६ पर्यंत सिंधही मुंबई इलाख्यातच होता. मुंबई शहराच्या पोलीस आयुक्तांचा वार्षिक अहवाल मुफसल, म्हणजे शहराबाहेरच्या जिल्ह्यांतल्या, पोलिसांच्या अहवालापासून वेगळा निघे. एक मिळाला म्हणून इलाख्याचे चित्र पूर्ण झाले असे समजू नये.

छापील अहवालांमागचा पत्रव्यवहार हवा असेल तर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात जावे. तिथे एकोणिसाव्या शतकातील पोलीस आणि तुरुंगाची कागदपत्रे ज्युडिशियल डिपार्टमेंटमध्ये आहेत. मागणीपत्रात खाते, वर्ष, खंड आणि कंपायलेशन क्रमांक लागतो, म्हणून आधी त्या वर्षाची सूची मागवून क्रमांक उतरवून घ्या. सोबत ओळखपत्र आणि संस्थेचे पत्र असू द्या.

कुठे जायचे, आणि नाहीच मिळाले तर

१९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशने जमा होणाऱ्या चार ग्रंथालयांपैकी एक मुंबईच्या टाउन हॉलमधले मध्यवर्ती ग्रंथालय आहे. सरकारी प्रकाशनांनाही हा कायदा लागू आहे, पण 'केवळ कार्यालयीन वापरासाठी' काढलेली पुस्तके त्यातून वगळलेली आहेत. पोलीस किंवा कारागृह खात्याच्या अंतर्गत पुस्तिका तिथे न मिळण्याचे कारण बहुधा हेच. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय जुन्या सरकारी अहवालांसाठी, आणि मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रंथालय तुरुंग व गुन्हेशास्त्रासाठी आधी पाहावे.

छापील प्रत नसेल तर कायद्यांसाठी इंडिया कोड, राजपत्रासाठी ई-गॅझेट आणि राज्याच्या शासन निर्णयांसाठी महाराष्ट्र शासनाचे संकेतस्थळ आहे. तिथे निर्णयाच्या शेवटी छापलेला १८ अंकी संकेतांक टाकला की शोध लगेच लागतो. नुसते विषयाचे शब्द टाकले की मथळ्यातल्या एखाद्या वेलांटीच्या फरकाने निर्णय निसटतो. डाउनलोड केलेल्या फाइलचे नाव लगेच बदला आणि त्यात कार्यालय, अहवाल, आकड्यांचे वर्ष आणि प्रकाशनाचे वर्ष घाला. 'क्राइम इन इंडिया २०२२' डिसेंबर २०२३ मध्ये आला. संदर्भ देताना ही दोन वर्षे एकमेकांत मिसळली की वाचकाला भलताच अंक सापडतो.

अहवाल कुठेच नसेल तर माहितीचा अधिकार वापरता येतो. अर्जात 'माहिती द्यावी' असे मोघम लिहू नका. अहवालाचे नेमके नाव, वर्ष, तक्त्याचे शीर्षक आणि जिल्हा लिहा, आणि 'प्रमाणित प्रत' मागा. अर्ज आकडे तयार करणाऱ्या कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला करा. जिल्ह्याच्या गुन्ह्यांसाठी दिल्लीला अर्ज केला तर तो राज्याकडे वर्ग होण्यातच दिवस जातात. उत्तरासाठी कायद्याने तीस दिवस दिलेले आहेत, म्हणून प्रबंधाच्या वेळापत्रकात हे अर्ज पहिल्याच महिन्यात करून टाकावेत.